चिनी फुलदाणी घेताना: छापील, हाताने रंगवलेली आणि ‘जुनी’

चिनी फुलदाणी हातात आली की माणूस आधी ती उलटी करून तळावरचा शिक्का बघतो. तळ बघायलाच हवा, पण शिक्क्यासाठी नव्हे. तिथल्या सहा अक्षरांचा अर्थ बहुतेकदा ‘छिंग घराण्यातल्या छ्येनलोंग सम्राटाच्या कारकिर्दीत बनवलेली’ असा असतो. छ्येनलोंगची कारकीर्द १७३६ ते १७९५ची, आणि हीच अक्षरं च्यांगशी प्रांतातल्या चिंगदेचन गावच्या भट्टीतून परवा निघालेल्या फुलदाणीवरही असतात. यात नवं काही नाही. खांगशी या आधीच्या छिंग सम्राटाच्या काळातल्या (१६६२–१७२२) भांड्यांवरही त्याच्या दोनशे वर्षं आधीच्या, मिंग घराण्यातल्या छंगह्वा सम्राटाचा शिक्का सापडतो. तेव्हा बादशाही शिक्क्याचे वेगळे पैसे मोजू नका.

रोमन लिपीतली साधी ओळ मात्र कामाची असते. आयात मालावर देशाचं नाव हवं, असा अमेरिकेचा १८९०चा कायदा पुढच्या वर्षी लागू झाला. त्यामुळे तळावर ‘चायना’ असेल तर वस्तू बहुतेक त्यानंतरची. ‘मेड इन चायना’ असेल तर सहसा आणखी अलीकडची, आणि हाँगकाँग किंवा मकावचं नाव असेल तर साधारण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली. अशी फुलदाणी निदान वय चोरत नाही, म्हणून मला ती आवडते.

खरा निर्णय छापील आणि हाताने रंगवलेली यांच्यात करायचा असतो, आणि त्यासाठी दहापट मोठं दाखवणारं भिंग पुरतं. पिओनीच्या फुलाची एक पाकळी घ्या. छापील फुलात गडद गुलाबीतून फिक्या गुलाबीत जाणारी छटा भिंगाखाली फुटते आणि बारीक ठिपके दिसतात. हाताने केलेल्या कामात खाली पांढरा एनॅमल, म्हणजे भाजून काचेसारखा होणारा रंग असतो, त्यावर गुलाबी रंग टेकवून ओल्या कुंचल्याने कडेकडे पसरवलेला असतो. ठिपके नसतात, कुंचल्याचे फराटे दिसतात, आणि बोट फिरवलं तर रंगाचा उंचवटा लागतो. छापील चित्र पातळ पडद्यावरून भांड्यावर उतरवलेलं असतं. फुलदाणी उजेडात तिरकी धरली की कधीकधी त्या पडद्याची कड चमकते. मग तिला सावकाश गोल फिरवा. तेच फूल, तेच वाकडं पान पुन्हा आलं, किंवा एखादी वेल एका उभ्या रेषेवर तुटून अर्ध्या सुताने खाली जोडली गेली, तर छापील समजा.

दुकानांत एक तिसरा प्रकारही बराच दिसतो. बाह्यरेषा छापलेल्या आणि रंग हाताने भरलेले. विकणारा ‘हँडपेंटेड’ म्हणतो, ते अर्धं खरं असतं. इथे रेघ सगळीकडे सारख्याच जाडीची असते आणि रंग तिच्या बाहेर सांडलेला असतो. स्वतः रेघ ओढणाऱ्याची रेघ वळणावर जाड होते, टोकाला निमुळती होते.

निळ्या-पांढऱ्या फुलदाणीत कोबाल्टचा निळा रंग झिलईच्या, म्हणजे वरच्या काचेसारख्या थराच्या खाली असतो, त्यामुळे बोटाला काही कळत नाही, डोळ्यांवरच भिस्त. एका फराट्यावर दुसरा चढला तिथे निळा गडद होतो. छापील निळा पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकाच वजनाचा.

घडणीसाठी हात आत घाला. चाकावर घडवलेल्या मोठ्या फुलदाण्या तुकड्यातुकड्यांनी करून जोडतात, तो सांधा आतून आडव्या कण्यासारखा लागतो. साच्यात ओतलेलीची जाडी बहुधा सगळीकडे सारखी असते. साच्यातली वाईटच असं नाही, पण तिला चाकाचा भाव देऊ नये.

आता ‘जुनी’. मुंबईतल्या पारशी व्यापाऱ्यांचा एकोणिसाव्या शतकात चीनशी मोठा व्यापार होता, त्यामुळे जुन्या घरांतून खरी चिनी भांडी निघतातही. चोरबाजारात ‘पारशी घरातून आलेली’ ही गोष्ट म्हणूनच खपते. वस्तू मात्र वेगळी तपासावी. तळाची उघडी कड तपकिरी दिसली तर ओल्या कापडाने पुसून बघा, मुद्दाम लावलेला रंग कधीकधी कापडावर उतरतो. खरी झीज जिथे हात लागतो तिथेच असते, म्हणजे कानांवरचं सोनं, तोंडाची कड, बूड. झिलई सगळीकडे सारखीच मंद, किंवा ओरखडे सगळे एकाच दिशेला असतील तर ते आम्ल आणि सँडपेपरचं काम. अस्सल माल कसा दिसतो ते आधी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटांनी दिलेल्या चिनी संग्रहात बघून या, तिकिटाचे पैसे वसूल होतील.

जाणकारांचीही यात फजिती होते. २०२२ मध्ये फ्रान्समध्ये फोंतेनब्लोच्या लिलावात ढग आणि ड्रॅगन असलेली निळी-पांढरी फुलदाणी आली. तज्ज्ञाने ती विसाव्या शतकातली सजावटीची ठरवून अंदाज दिला दीड ते दोन हजार युरोंचा. ती अठराव्या शतकातली आहे असं मानणाऱ्यांनी बोली ७७ लाख युरोंपर्यंत नेली, वर खर्च वेगळा. ही बातमी सांगून फुलदाणी विकणाऱ्यापासून मात्र चार हात लांब राहा.

नुसती फुलं ठेवायची असतील तर छापील घ्या, पडली तरी हळहळ नको. दिवाणखान्यात वर्षानुवर्षं बघायची असेल तर हाताने रंगवलेली, वयाचा कुठलाही दावा नसलेली विसाव्या शतकातली घ्या. माझं मत सरळ तिच्याच बाजूने आहे. किंमत चित्रावर ठरवा, मग उंची बघा. जोडी असेल तर दोन सुट्यांपेक्षा जास्त द्यायला हरकत नाही. टिचकी मारून नाद ऐका. बद्द वाजली तर केसाएवढी चीर शोधा, आणि दिव्यासाठी तळाला भोक पाडलेलं असेल तर भाव चांगलाच खाली आणा. ‘जुनी’चे जास्त पैसे द्यायचेच असतील तर काळ बिलावर लिहून मागा. तोंडाने दोनशे वर्षं सांगणारा बिलावर नुसतं ‘फुलदाणी, १ नग’ लिहीत असेल, तर घासाघीस नव्या मालाच्या भावापासून सुरू करा.