लँड ऑफ माइन : ४५ हजार भागिले १४

शनिवारी रात्री जेवणं उरकल्यावर आम्ही तिघांनी हा सिनेमा बघितला, मी, माझा बारावीतला मुलगा आणि चार दिवस राहायला आलेले मामा. मामा खडकीच्या बॉम्बे सॅपर्समधून (लष्कराची इंजिनिअर तुकडी) हवालदार म्हणून रिटायर झालेत, सुरुंग हा त्यांच्या पोटापाण्याचा विषय, म्हणून मुद्दाम हाच लावला. आधीच सांगते, स्पॉयलर आहेत, ज्यांना नकोत त्यांनी इथेच थांबा आणि पिक्चर बघून या.

२०१५ चा डॅनिश-जर्मन सिनेमा आहे, दिग्दर्शक मार्टिन झँडव्लिएट. ऑस्करच्या परभाषिक विभागात नॉमिनेशन होतं, मिळालं नाही. मूळ डॅनिश नावाचा अर्थ 'वाळूखाली', मला तेच जास्त आवडलं. इंग्रजी नावात 'माझी भूमी' आणि 'सुरुंगांची भूमी' असा श्लेष केलाय, बरा आहे, पण जरा शाळेतल्या फलकावर लिहितात तसला.

गोष्ट अशी की जर्मनीने एप्रिल १९४० मध्ये डेन्मार्क घेतला तो मे १९४५ पर्यंत सोडला नाही, आणि मधल्या काळात दोस्त सैन्य पश्चिम किनाऱ्यावर उतरेल या धास्तीने तिथल्या वाळूत लाखो सुरुंग पुरून ठेवले. युद्ध संपल्यावर ते काढायचे कुणी, तर पकडलेल्या जर्मनांनी. आणि हे जर्मन म्हणजे शेवटी शेवटी भरती केलेली पोरं, काहींना धड मिसरूडही फुटलेली नाही. युद्धकैद्यांना धोक्याचं काम देऊ नये असं १९२९ च्या जिनिव्हा करारातच लिहिलेलं होतं, पण तेव्हा कोण विचारतोय.

सार्जंट रासमुसेनच्या ताब्यात १४ पोरं येतात. त्यांच्या वाट्याच्या किनाऱ्यावर ४५,००० सुरुंग, तासाला सहा काढायचे, तीन महिन्यांत घरी जाल असा वायदा. माझी सवय वाईट, मी बघता बघता मोबाईलवर हिशोब केला, माणशी ३,२०० च्या वर, तासाला सहा म्हणजे साधारण ५३५ तास, दिवसाला आठ तास धरले तर ६७ दिवस. म्हटलं बसतंय की तीन महिन्यांत! आणि मग पहिला मुलगा गेला आणि माझ्या डोक्यात आलं की अरे, आता भागिले १४ नाही, भागिले १३. सुरुंग तेवढेच आणि भागणारे कमी. तिथून पुढे मी पिक्चर बघत नव्हते, पोरं मोजत होते.

आवाजावर काम फार भारी केलंय. सुरुवातीला पडद्यावर काही नाही, नुसता श्वास ऐकू येतो. आणि किनाऱ्यावर पोरं पोटावर सरपटत ओळीने वाळूत सळई खुपसत जातात तेव्हा संगीत जवळपास नाहीच, समुद्र, वारा आणि ती सळई. ऊन पडलंय, गवत हलतंय, आपल्याकडे लोक फॅमिली घेऊन जातील असला बीच, आणि आपण सोफ्यावर पाय वर घेऊन बसलेलो. मुलाने पॉपकॉर्न केले होते ते तसेच राहिले.

मामांची एक तक्रार. ताटासारखे गोल सुरुंग दाखवलेत (जर्मनमध्ये त्यांचं नावच 'ताट' या शब्दावरून आहे), तर मामा म्हणे हा रणगाड्याचा आहे, माणसाच्या वजनाने सहसा उडत नाही, कुत्र्याने तर नाहीच. मी म्हटलं मामा, बघू द्या. पण दोन सुरुंग एकाखाली एक ठेवलेले असतात, वरचा उचलला की खालचा उडतो, आणि जुळ्या भावांमधला वर्नर त्यात जातो, तिथे मामा पुढे सरकून बसले आणि नंतर बराच वेळ बोलले नाहीत.

मग आमच्या मुलाने विचारलं, आजोबा, तुम्हीपण असंच करायचा का. तर मामांनी रामा राघोबा राणेंचं सांगितलं, कारवारकडचे, बॉम्बे सॅपर्सचेच, १९४८ मध्ये राजौरीच्या वाटेवर गोळीबारात सुरुंग काढून रणगाड्यांना रस्ता करून दिला, परमवीर चक्र मिळालं. "पण राणेसाहेबांनी आपल्या माणसांसाठी वाट काढली रे, ही पोरं कुणासाठी काढतायत? पुरले यांच्या बापांनी." यावर काय बोलणार.

रोलंड म्योलरने सार्जंट जबरदस्त केलाय. पहिल्याच प्रसंगात एका कैद्याच्या हातात डेन्मार्कचा झेंडा दिसतो म्हणून त्याला रक्तबंबाळ करतो, आणि आपल्याला त्याचा राग येत नाही हो, पाच वर्षांचा हिशोब आहे तो. मग हळूहळू पोरांना पाव आणून देतो, समुद्रकिनारी फुटबॉल खेळतो, आणि आता आपल्याला वाटतं चला, निवळलं सगळं, तेवढ्यात त्याचा कुत्रा साफ झालेल्या म्हणून सांगितलेल्या वाळूत जातो. त्यानंतर तो पोरांशी जे वागतो ते बघवत नाही. साफ केलेल्या पट्ट्यावरून सगळ्यांना हातात हात अडकवून चालायला लावतो. माणूस एकदा सुधारला की सुधारला, असं दाखवलेलं नाही हे मला सगळ्यात पटलं. मात्र त्याचा वरिष्ठ लेफ्टनंट एब्ब फारच एकसुरी, बिचाऱ्याला वाईट असण्यापलीकडे कामच नाही, आणि छोट्या मुलीला सुरुंगांतून सोडवायचा प्रसंग परिणामकारक असला तरी मांडून ठेवल्यासारखा वाटतो. शेवटही मला जरा गोड वाटला, मामांना नाही.

पोरांमधला सेबास्टियान म्हणजे लुई हॉफमन, 'डार्क' ही जर्मन मालिका बघितलेल्यांनी लगेच ओळखला असेल, तोच योनास.

सबटायटल्सची मात्र वाट लावलीये. सार्जंट पोरांशी जर्मन बोलतो आणि आपल्या माणसांशी डॅनिश, अर्धी गंमत त्यात आहे, पण आम्ही बघितलं तिथे दोन्हीला एकच अक्षरं, माझ्या मुलाला अर्ध्या पिक्चरनंतर कळलं की भाषा दोन आहेत.

शेवटी पाटी येते, दोन हजारांवर कैदी, पंधरा लाखांवर सुरुंग, जवळपास निम्मे मेले किंवा जबर जखमी झाले. मी नंतर वाचलं तर तिथल्या स्कॅलिंगेनचा भाग सुरुंगमुक्त व्हायला २०१२ उजाडलं. आमच्या मोजणीत १४ पैकी चार उरले.

रेटिंग द्यायचंच तर पाचपैकी साडेचार, अर्धा त्या एब्बचा कापला. जेवताना लावू नका, कुत्रा पाळलेल्यांनी तर जपूनच.

सकाळी चहा ठेवून बाल्कनीत गेले तर मामा मोगऱ्याच्या कुंडीत माझी विणायची सुई तिरकी खुपसत मुलाला दाखवत होते, "सरळ नाही रे, अशी, आडवीकडून. वरून टेकली की संपलं."