घरपोच डेमो दाखवून तीन लाख चाळीस हजारांना टोपी

हाय-एंड स्पीकर दुकानात ऐकून घेऊ नयेत, घरी ऐकूनच ठरवावं, असं या नादातला कुणीही सांगेल, आणि ते बरोबरच आहे. पण हे आता विकणाऱ्यांनाही पाठ झालंय. ठाण्यात माझ्याच घरी, माझ्याच सोफ्यावर बसवून एका 'डीलर'ने मला तीन लाख चाळीस हजारांना कसं गंडवलं ते सविस्तर लिहितोय. प्रकरण ग्राहक आयोगात आहे, म्हणून नाव देत नाही. पद्धत ओळखायला नावाची गरजही नाही.

गृहस्थ बोलायला गोड. "पैशाचं नंतर बघू साहेब, आधी तुमच्या कानाला पटू दे." दोन पोरांनी युरोपियन बनावटीची उंच जोडी वर आणली, सोबत त्याचाच ॲम्प्लिफायर आणि त्याचाच स्ट्रीमर (इंटरनेटवरची गाणी वाजवणारं यंत्र). घरात चांगला ॲम्प आहे म्हटलं, तर म्हणे, "त्याने या स्पीकरला न्याय मिळायचा नाही." मग स्पीकर कोपऱ्यांत सरकवले आणि सोफा मागच्या भिंतीला टेकवला.

हे सरकवणं साधं नव्हतं. आमची बैठकीची खोली दहा बाय बारा. आवाजाचा वेग सेकंदाला 343 मीटर. त्याला खोलीच्या लांबीच्या दुपटीने भागलं की बारा फुटांसाठी साधारण 47 हर्ट्झ येतात. तेवढ्या खालच्या स्वराला ही खोली आपोआप घुमते. भिंतीला टेकून बसलं की तो घुमारा सर्वांत जास्त जाणवतो आणि कोपऱ्यातला स्पीकर त्यात आणखी भर घालतो. 'काय बास आहे!' असं ज्याला आम्ही म्हणत होतो, त्यातला बराचसा आमच्या भिंतींचाच होता.

आता खरी मेख. त्याने आधी माझे जुने स्पीकर वाजवले, मग त्याचे. "बघा हं, व्हॉल्यूमला हातसुद्धा लावलेला नाही." खरोखरच लावला नव्हता. माझ्या जुन्या जोडीची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच पॉवरवर स्पीकर किती मोठा वाजतो तो आकडा, 85 डेसिबल, त्याच्या जोडीची 89. व्हॉल्यूम तोच ठेवला की त्याचे स्पीकर आपोआप चार डेसिबल मोठे वाजणार. चार डेसिबल म्हणजे जवळपास अडीचपट पॉवर. गंमत अशी की फरक एखाद्याच डेसिबलचा असला तर कानाला तो 'मोठा' असा कळतही नाही, 'जास्त स्वच्छ, जास्त भरीव' असा कळतो. आवाज समान न करता केलेली तुलना ही तुलनाच नव्हे. बायकोसुद्धा म्हणाली, "नवे जास्त जिवंत वाटतायत."

डोळ्यांचाही यात हात असतो. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनिसंशोधकांनी 1994 मध्ये केलेल्या चाचण्या या क्षेत्रात प्रसिद्ध आहेत. तेच स्पीकर, तेच ऐकणारे. पण स्पीकर दिसत असताना दिलेले गुण आणि पडद्याआड ठेवून दिलेले गुण यांत चांगलाच फरक पडला. अक्रोडाच्या लाकडाचं पॉलिश समोर चमकत असताना तटस्थ राहणं अवघडच असतं.

गाणीही त्याचीच. बाईचा हलका आवाज, गिटारची एखादी तार, मधूनच ढोलाचा एक ठोका. असलं रेकॉर्डिंग बऱ्याच साध्या स्पीकरवरही झकास वाजतं.

व्यवहार ठरला. डेमोची जोडी तो परत घेऊन गेला, "तुम्हाला सीलबंद पीस देतो" म्हणून. थोड्याच दिवसांत खोकी आली. बिलावर मॉडेलचं नाव नव्हतं, फक्त 'ऑडिओ ॲक्सेसरीज'. विचारलं तर "सविस्तर बिल मेल करतो". खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी यांचं लेबल नव्हतं. आयात केलेल्या पॅकबंद मालावर ते कायद्यानेच लागतं. नसेल तर माल कुठल्या वाटेने आलाय हे विचारायला हवं.

आवाज डेमोसारखा येईना. फोन केला की एकच उत्तर: "बर्न-इन होऊ द्या साहेब, दोनशे तास तरी." म्हणजे नवे स्पीकर वाजवून वाजवून मोकळे होऊ द्या. नव्या वूफरची (खालचे स्वर वाजवणाऱ्या मोठ्या पडद्याची) कड सुरुवातीला थोडी सैलावते हे खरं, पण या दोनशे तासांचा खरा उपयोग परतीची मुदत निघून जाण्यासाठी होतो.

छडा लागला तो एका जुन्या मोनो नाट्यगीतामुळे. मोनो रेकॉर्डिंगमध्ये दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज येतो, म्हणून गायक दोन्ही स्पीकरच्या बरोबर मधोमध उभा राहायला हवा. इथे तार सप्तकात तो मध्ये यायचा आणि मंद्रात उतरला की उजवीकडे झुकायचा. खोलीचा दोष असेल म्हणून स्पीकरची अदलाबदल केली, तर झुकाव डावीकडे आला. म्हणजे दोष खोलीत नव्हता, त्या एका स्पीकरमध्येच होता. तारा काढून मागच्या टर्मिनलवर साधा मल्टिमीटर लावला. एकाचं रेझिस्टन्स (विजेला होणारा अडथळा) 5.8 ओहम, दुसऱ्याचं 3.6. एकाच जोडीत एवढी तफावत येऊच शकत नाही. ओळखीच्या मेकॅनिकने वूफर उघडला तेव्हा कडेला ताज्या पिवळट गोंदाचे ओघळ होते, स्क्रूंची डोकी आधीच खरवडलेली होती आणि चुंबकावर कंपनीचा शिक्काच नव्हता. आठ ओहमच्या जागी चार ओहमचा (मीटरवर आकडा छापील ओहमपेक्षा कमीच दिसतो) भलताच वूफर बसवून जुनी जोडी 'सीलबंद' म्हणून माझ्या गळ्यात मारली होती.

म्हणून घरी डेमो घ्याच, पण ॲम्प आपला, गाणी आपली, जागा आपली, आणि रिमोटही आपल्याच हातात. फोनवरच्या साध्या डेसिबल ॲपनेही दोन्ही जोड्यांचा आवाज पिंक नॉइजवर (चाचणीसाठी वापरतात तो एकसारखा खरखराट) सारखा करून घेता येतो. स्पीकरपुढे पातळ कापड टांगा आणि जोडी बदलायचं काम घरच्या कुणाला तरी द्या. डीलर स्पीकर निदान आठवडाभर राहू देत नसेल तर त्याला जाऊ द्या. डेमोच्या वेळीच दोन्ही स्पीकरच्या सिरीयल नंबरांचे फोटो काढा आणि पैसे त्याच जोडीचे द्या.

नोटीस गेल्यावर त्याने "वूफर बदलून देतो, तक्रार मागे घ्या" असा निरोप पाठवला. मी नकार दिला. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात फी लागत नाही, तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि 1915 या हेल्पलाइनवर सुरुवातीची माहिती मिळते. तुमच्याही जोडीत डावा-उजवा आकडा असा वेगळा आला, तर मल्टिमीटरसकट फोटो काढा आणि निकाल लागेपर्यंत स्पीकर दुरुस्तीला देऊ नका, नाहीतर पुरावाच जाईल.