इंधनाचा हिशोब जुळेना म्हणून थांबवलेली फ्लाइट: पाचपैकी चार स्टार

आधी रेटिंग सांगतो, चार स्टार. फ्लाइट तासाभराहून जास्त लेट सुटली आणि या चारातले बरेचसे स्टार मी त्या उशिरालाच देतोय. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही, एका फ्लाइटवरून अख्ख्या कंपनीला डोक्यावर घेणं किंवा नावं ठेवणं दोन्ही बरोबर नाही. पण उतरल्यावर बॅगांच्या पट्ट्यापाशी लोक जे बोलत होते ते ऐकून लिहावंसं वाटलं.

बोर्डिंग वेळेवर झालं होतं. माझी सीट उजवीकडे, पंखाच्या जरा मागे, त्यामुळे इंधन भरणारा माणूस अगदी समोर दिसत होता. ट्रकपासून विमानापर्यंत स्टॅटिक विजेची ठिणगी पडू नये म्हणून वायर लावलेली, एका मुठीत तो स्विच जो सोडला की इंधन बंदच होतं, आणि भरून झाल्यावर त्याने काचेच्या बरणीत थोडं इंधन काढून उजेडाकडे धरून फिरवून बघितलं, पाणी किंवा कचरा आहे का ते. मग नळी काढली, ट्रक बाजूला झाला, आता निघणार असं वाटलं तर एक इंजिनिअर आला, पंखाखाली चढून त्याने पंखाच्या खालच्या बाजूने एक बारीक पट्टी ओढून काढली, टॉर्च मारून आकडा बघितला, कागदावर लिहिला, मग पुढची पट्टी, मग परत तीच. आणि कॅप्टनची अनाउन्समेंट आली की पावतीवर जेवढं इंधन लिहिलंय आणि आमच्या गेजवर, म्हणजे कॉकपिटमधल्या इंधनाच्या मापकावर, जेवढं दिसतंय त्यात चालतो त्यापेक्षा जास्त फरक येतोय, तो का येतोय ते कळल्याशिवाय आपण निघणार नाही.

अशी अनाउन्समेंट मी आधी कधी ऐकली नव्हती. सरळ, खरी, कारणासकट.

आता ज्यांना हा फरक म्हणजे काय ते माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ट्रकचं मीटर लिटरमध्ये मोजतं आणि पायलटला हिशोब लागतो वजनाचा, म्हणजे किलोत. एक लिटर जेट फ्युएल साधारण ०.८ किलो भरतं, पण तेही पक्कं नाही, तापमान आणि इंधनाच्या लॉटप्रमाणे बदलतं. १०,००० लिटर भरलं आणि घनता ०.८० ऐवजी ०.७८ निघाली की २०० किलोचा फरक तिथेच पडतो. म्हणून आधी टाकीत किती होतं, त्यात पावतीप्रमाणे किती भरलं, आणि आता गेज किती दाखवतंय, हे सगळं एकमेकांशी ताडून बघतात. नाही जुळलं तर मग त्या पट्ट्या, ज्या ओढून टाकीत किती इंधन आहे ते थेट मोजता येतं.

हे ताडून बघण्यात गडबड झाली की काय होतं त्याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण म्हणजे एअर कॅनडाची फ्लाइट १४३, २३ जुलै १९८३. नवीन बोइंग ७६७, गेज बंद पडलेले, म्हणून पट्टीने मोजून हिशोब केला. हवं होतं २२,३०० किलो. टाकीत ७,६८२ लिटर होतं. लिटरचे किलो करताना ०.८ ने गुणायचं त्याऐवजी १.७७ ने गुणलं, जो आकडा पाउंडाचा आहे, कॅनडात तेव्हा मेट्रिकचा बदल चालू होता आणि त्यांची बाकीची विमानं जुन्याच मापावर होती. परिणाम काय, सुमारे २०,००० लिटर भरायला हवं होतं तिथे ४,९१७ लिटर भरलं. कॉम्प्युटरमध्ये २२,३०० हाताने टाकलेलं, त्यामुळे तो बिचारा तेवढंच गृहीत धरून वजा करत बसला, वाटेत ओटावाला थांबल्यावर परत मोजलं तर परत त्याच आकड्याने गुणलं, आणि ४१,००० फुटांवर असताना वॉर्निंग सुरू झाल्या, थोड्याच वेळात एकामागोमाग दोन्ही इंजिनं बंद. कॅप्टन बॉब पिअर्सन ग्लायडर उडवणारे होते म्हणून कॅनडातल्याच गिम्ली गावच्या जुन्या एअरबेसवर ते विमान इंजिनाशिवाय उतरवलं आणि ६९ च्या ६९ माणसं वाचली. गुणाकार मात्र एकापेक्षा जास्त लोकांनी बघितला होता हो, आणि सगळ्यांनी तोच चुकीचा आकडा धरला.

दुसरी केस मला जास्त अस्वस्थ करते. ट्युनिशियाच्या ट्युनिंटर कंपनीची फ्लाइट ११५३, ६ ऑगस्ट २००५. एटीआर ७२ या पंख्याच्या इंजिनांच्या विमानाचा फ्युएल इंडिकेटर बिघडला म्हणून बदलला, पण बसवला त्याच्या लहान भावाचा, एटीआर ४२ चा, दिसायला सारखाच आणि बसतोही, फक्त टाक्यांचा हिशोब वेगळा असल्यामुळे आहे त्यापेक्षा बरंच जास्त इंधन दाखवतो. आकडा वाढलेला दिसतोय पण तेवढं भरल्याची पावतीच नाही, हे कॅप्टनच्या लक्षात आलं होतं, तरी विमान उडालं. पुढे इटलीतल्या बारीहून ट्युनिशियातल्या जेर्बाला जाताना सिसिलीजवळ समुद्रात उतरावं लागलं, ३९ पैकी १६ जण गेले. पावती आणि गेज जुळत नाही एवढीच खूण होती. आमच्या कॅप्टनला दिसली ती हीच खूण, आणि त्याने विमान जागचं हलू दिलं नाही.

आणि ती काचेची बरणी, तिचंही महत्त्व आहे. २०१० मध्ये कॅथे पॅसिफिकच्या ७८० फ्लाइटला इंडोनेशियातल्या सुराबायाला दूषित इंधन मिळालं, खारं पाणी फिल्टरपर्यंत पोचल्यामुळे तिथल्या पाणी शोषणाऱ्या पॉलिमरचे बारीक गोळे इंधनात आले, इंजिनांचे व्हॉल्व्ह अडकले आणि हाँगकाँगला ते विमान साधारण २३० नॉट, म्हणजे ताशी सव्वाचारशे किलोमीटर, अशा नेहमीपेक्षा खूपच जास्त वेगाने उतरवावं लागलं. बरणीत सगळंच दिसतं असं नाही, पण पाणी नि गाळ दिसतो आणि दर वेळी बघितलंच पाहिजे.

आता उतरल्यावरचं. दारात कॅप्टन उभा होता, मी विचारलं, तर म्हणाला पावतीवर सुरुवातीचं मीटर रीडिंग चुकीचं लिहिलं गेलं होतं, टाकीत इंधन बरोबरच होतं. हे मागच्या एका गृहस्थांनी ऐकलं आणि बॅगांपाशी सगळ्यांना सांगत सुटले की बघा, काहीच नव्हतं, उगाच तासभर बसवून ठेवलं, तक्रार करा. अहो, काहीच नव्हतं हे कळलं कधी? पट्ट्या काढून बघितल्यावर ना. त्याआधी त्या कॅप्टनकडे दोन न जुळणारे आकडे होते आणि त्यातला खोटा कोणता ते सांगायला कोणीच नव्हतं. अशा तक्रारींचा ढीग कंपनीकडे गेला तर पुढच्या पायलटवर वेळेत निघायचं प्रेशर येणार, आणि ते आपल्यालाच नकोय.

एक स्टार कापला तो जमिनीवरच्या लोकांसाठी. कॅप्टन स्पष्ट बोलत होता आणि ॲपवर मात्र "ऑपरेशनल कारणामुळे उशीर" एवढंच, पुढची कनेक्टिंग फ्लाइट असलेल्यांना काउंटरवर कोणी धड उत्तर देईना. शिवाय ट्रक परत आला तेव्हा आत लोक बसलेले असताना सीटबेल्ट सोडून ठेवायची सूचना क्रूने एकदाच आणि घाईघाईत दिली, अर्ध्या लोकांनी ऐकलीच नाही, काही जण तर मधल्या वाटेत बॅगा काढून उभे. इंधन भरताना बेल्ट सोडायला सांगतात ते पटकन बाहेर पडता यावं म्हणून, मग वाट मोकळी नको का? हे दर दोन रांगांना जाऊन सांगायला हवं होतं.

सीट ठीक, पाय ठेवायला जागा ठीक, लँडिंग मस्त. परत याच कंपनीने जाईन, आणि तक्रारीचा फॉर्म भरलाय तो फक्त ॲप आणि काउंटरबद्दल, त्यातच खाली कॅप्टन आणि त्या पट्ट्या काढणाऱ्या इंजिनिअरचं कौतुक लिहिलंय, फ्लाइट नंबर आणि तारखेसकट, म्हणजे ते योग्य माणसांपर्यंत पोचेल.