वही की लॅपटॉप? मानसशास्त्राच्या तासाची टिपणं

‘हाताने लिहा, जास्त लक्षात राहील’ या बातमीमागे मुख्यतः मानसशास्त्रज्ञ म्युलर आणि ओपनहायमर यांचा २०१४ चा अभ्यास आहे. त्यात लॅपटॉपवाल्यांनी शब्द जास्त टिपले, पण बरेचसे जसेच्या तसे. संकल्पनांच्या प्रश्नांत ते मागे पडले. २०२१ मध्ये प्रयोग पुन्हा केला तेव्हा शब्दांतला फरक दिसला, गुणांतला नाही. ही दुसरी बाजू बातम्यांत क्वचितच येते, आणि विद्यार्थ्यांना ती सांगायलाच हवी.

तरी नागपुरात मराठीतून बीए करणाऱ्यांना आम्ही वहीच सुचवू. पाव्हलॉव्हचं अभिसंधान (घंटेची अन्नाशी सांगड बसली की नुसत्या घंटेनेही कुत्र्याला लाळ सुटणं) घ्या: घंटा, अन्न, लाळ आणि मधले बाण वहीत अर्ध्या मिनिटात होतात. देवनागरी टंकताना ‘अभिसंधान’ नीट उमटेपर्यंत सर पुढच्या मुद्द्यावर गेलेले असतात.

हात दुखत असेल, किंवा टिपणं पुढे शोधायची, हलवायची असतील, तर लॅपटॉप बरा.

खरा फरक तासानंतर पडतो. सीताबर्डीच्या बाजारातून आणलेल्या साध्या वहीत डावीकडे पाच सेंटिमीटर समास सोडा. संध्याकाळी त्यात प्रश्न लिहा, उजवी बाजू झाकून उत्तरं आठवा, मगच तपासा. नुसतं पुन्हा वाचलं की मजकूर ओळखीचा वाटतो आणि पाठ झाल्याचा भास होतो. लॅपटॉपवर हेच दोन रकान्यांच्या तक्त्यात जमतं.