हुमेनची मार्गदर्शित सहल: खड्डे पाहावेत, कथा मात्र अर्धीच

चीनमधल्या ग्वांगझूहून हुमेनला नेणाऱ्या एका कंपनीची दिवसभराची मार्गदर्शित सहल नुकतीच केली. गाडी वेळेवर आली आणि जेवणही बरे होते. लिहायचे आहे ते मार्गदर्शकाने सांगितलेल्या कथेविषयी, कारण अशा सहलीत आपण पैसे तिच्यासाठीच मोजतो.

अफू युद्ध संग्रहालयाच्या आवारातले खड्डे म्हणजे आता पाण्याची दोन शांत तळी आहेत. १८३९ च्या जूनमध्ये लिन झशू या चिनी सम्राटाच्या आयुक्तांनी इथे सुमारे २०,००० पेट्या अफू नष्ट करवली. इथे मार्गदर्शक खुलला. अफू ‘जाळली’ असे आपण सर्रास म्हणतो, पण प्रत्यक्षात गोळे फोडून मिठाच्या पाण्यात भिजवले जात, वरून चुना टाकला की पाणी खदखदू लागे, मजूर ते ढवळत आणि ओहोटीच्या वेळी सगळा राडा समुद्रात सोडून देत. हे २३ दिवस चालले. त्याआधी लिन यांनी समुद्रदेवतेची क्षमा मागितली होती, हा तपशील त्याने फार छान सांगितला.

मात्र या पेट्या कोणाच्या, असे विचारल्यावर ‘लोभी इंग्रज व्यापाऱ्यांच्या’ एवढेच उत्तर मिळाले. ब्रिटिशांचे व्यापार अधीक्षक चार्ल्स एलियट यांनी भरपाईचे आश्वासन देऊन तो माल राणीच्या सरकारच्या नावाने ताब्यात घेतला आणि मग लिन यांच्या हवाली केला, त्यामुळे व्यापाऱ्यांचे नुकसान हा सरकारी दावा बनला. ब्रिटन आणि चीनमधले अफू युद्ध संपवणाऱ्या १८४२ च्या नानकिंग तहात चीनवर लादलेल्या २ कोटी १० लाख डॉलरपैकी ६० लाख याच अफूपोटी होते. हे सांगितल्याशिवाय त्या खड्ड्यांचा त्या युद्धाशी संबंध लागत नाही.

त्याहून मोठी उणीव ही अफू जिथून येई त्या हिंदुस्थानची. बिहार आणि बनारसकडच्या शेतकऱ्यांना आगाऊ रक्कम देऊन खसखस पिकवून घेणे, पाटणा व गाझीपूरच्या कारखान्यांत गोळे बांधणे, कलकत्त्याला लिलाव करणे हा सारा ईस्ट इंडिया कंपनीचा मक्ता होता. चीनमध्ये बंदी असल्याने स्वतःच्या जहाजांतून माल न नेता तेवढी जोखीम कंपनीने खाजगी व्यापाऱ्यांवर सोपवली होती. शिंदे-होळकरांच्या माळव्यातले पीक तिला आवरता आले नाही, तेव्हा ती अफू मुंबईमार्गे जाऊ देऊन तिच्यावर परवाना शुल्क लावले. मुंबईचे व्यापारी जमशेटजी जीजीभॉय आणि जार्डिन मॅथेसन ही ब्रिटिश व्यापारी कंपनी यांची भागीदारी याच व्यवहारातली. एवढे असूनही मुंबईचे नाव दिवसभरात एकदाही निघाले नाही, हे मला मराठी माणूस म्हणून जरा जास्तच खटकले.

हुमेनच्याच नदीकाठच्या वेइयुआन किल्ल्यासाठी अवघी वीस मिनिटे दिली. तोफांच्या कोनाड्यांत उभे राहून समोरचे नदीचे पात्र पाहावे आणि डोक्यावर १९९७ साली खुल्या झालेल्या हुमेन पुलावरून ट्रक घरघरत जावेत, हे दृश्य घाईत उरकण्यासारखे नाही. पुन्हा जाईन तेव्हा स्वतःच्या सोयीने जाईन, सकाळी खड्डे आणि दुपारभर किल्ला.