हुजूर पक्षाचा पुढचा नेता: बेटफेअरचा भाव किती खरा?

ब्रिटनमध्ये हुजूर पक्षाची घसरगुंडी सुरू झाली की गुडघ्याला बाशिंग बांधलेल्यांची नावे चर्चेत येतात आणि प्रत्येक नावापुढे बेटफेअर एक्स्चेंज या ऑनलाइन सट्टाबाजाराचा भाव छापला जातो. पैसे लावायला नव्हे, नुसता अंदाज घ्यायला हा बाजार कितपत कामाचा, एवढ्यापुरते हे परीक्षण.

भाव वाचणे सोपे आहे. 100 ला भावाने भागायचे: 2.5 म्हणजे 40 टक्के शक्यता. नेहमीच्या बुकीकडे सगळ्या उमेदवारांच्या टक्क्यांची बेरीज 100 च्या बरीच वर जाते. वरचा भाग त्याचा नफा. एक्स्चेंजवर लोक एकमेकांविरुद्ध खेळतात आणि कंपनी जिंकलेल्या रकमेवर कमिशन घेते. त्यामुळे उलाढाल चांगली असेल तर बेरीज 100 च्या आसपास राहते. हा त्याचा खरा गुण.

पण उलाढाल नसेल तर? निळ्या रकान्यात लगाई (जिंकेल यावर पैसे) 6, गुलाबीत खाई (जिंकणार नाही यावर पैसे) 9, आणि दोन्हींखाली जेमतेम काही पौंड. मग शक्यता 17 टक्के धरायची की 11? अशा वेळी त्या आकड्यावरून मथळा करणे हा शुद्ध आचरटपणा. खाई करणारा 9 च्या भावाला 10 पौंड घेतो तेव्हा 80 पौंड अडकवतो, तेही निकाल लागेपर्यंत, म्हणजे कदाचित दोन वर्षे. साहजिकच शक्यता नसलेल्या नावांविरुद्ध कोणी उतरत नाही, आणि माजी मंत्र्यांची शक्यता उगाच फुगलेली दिसते.

खरी गोम मात्र निवडणुकीच्या पद्धतीत आहे. आधी खासदार गुप्त मतदानाने एकेकाला गाळतात, उरलेल्या दोघांतून पक्षाचे सदस्य निवडतात. म्हणजे उमेदवाराच्या भावात दिसणारी शक्यता ही दोन शक्यतांचा गुणाकार असते: अंतिम दोघांत येण्याची आणि तिथे जिंकण्याची. बाजार दुसरी बऱ्यापैकी ओळखतो, कारण सदस्यांची सर्वेक्षणे होतात. पहिलीत तो आपटतो.

2024 चेच घ्या. 4 जुलैच्या निवडणुकीत पक्ष 121 जागांवर आला, पक्षनेते ऋषी सुनक यांनी पद सोडायचे जाहीर केले. 8 ऑक्टोबरला खासदारांच्या तिसऱ्या फेरीतली मते: जेम्स क्लेव्हर्ली 39, रॉबर्ट जेनरिक 31, केमी बेडनॉक 30, टॉम टुगेनहाट 20. टुगेनहाट बाद. क्लेव्हर्लींचा भाव उतरला, म्हणजे शक्यता वाढली, आणि ते आघाडीवर आले. 120 मतांत 41 मिळाली की अंतिम दोघांत जागा पक्की, त्यांना दोनच हवी होती, आणि टुगेनहाट यांची 20 मोकळी झाली होती. दुसऱ्या दिवशी बेडनॉक 42, जेनरिक 41, क्लेव्हर्ली 37. आहेत त्यातलीच दोन गेली! अंतिम फेरीत समोर कोण हवा हे ठरवायला क्लेव्हर्लींच्या काही समर्थकांनी मते दुसऱ्या उमेदवाराला 'उसनी' दिली आणि हिशेब चुकला, अशी कुजबुज झाली. गुप्त मतदानात खरेखोटे कोण सांगणार? 2001 मध्ये याच पक्षाच्या नेतेपदाच्या निवडणुकीत मायकेल पोर्टिलो खासदारांच्या फेरीत असेच 53 विरुद्ध 54 ने, एका मताने बाहेर पडले होते. इतक्या थोड्या मतदारांत टक्केवारीची भाषाच तोकडी पडते. पुढे सदस्यांच्या मतदानात बेडनॉक यांनी 53,806 विरुद्ध 41,388 ने जेनरिक यांना हरवले. त्या टप्प्यात मात्र बाजार बरोबर होता.

नियमही दर वेळी बदलतात. 2024 ला उमेदवारीसाठी 10 खासदार पुरले. ऑक्टोबर 2022 मध्ये 100 लागत होते. बोरिस जॉन्सन यांनी माघार घेतली, पेनी मॉर्डंट यांनाही थांबावे लागले आणि सुनक बिनविरोध आले. सदस्यांपर्यंत प्रकरण गेलेच नाही. म्हणून 1922 समिती (ही निवडणूक चालवणारी पक्षाच्या खासदारांची समिती) अटी जाहीर करेपर्यंत कोणताही भाव गांभीर्याने घेऊ नये. शिवाय बाजाराचे नियमपान उघडून हंगामी नेता धरला जातो का, तेही बघा. 'पुढचा नेता' या दोन शब्दांवरून वाद होतात.

गुण द्यायचे तर सदस्यांच्या फेरीसाठी पाचपैकी चार, खासदारांच्या फेरीसाठी दोन, आणि जागा रिकामी नसतानाच्या अटकळींसाठी एक. भारतात बसून यावर पैसे लावायच्या भानगडीत पडू नका, ते बेकायदा आहे. ब्रिटनमधल्या मंडळींनी भावाबरोबर बाजारात जुळलेली, म्हणजे दोन्ही बाजूंनी लागलेली, रक्कम आधी पाहावी.