आठ महिन्यांनंतर: फॉर्मॅलिनच्या बरण्या आणि त्यांची झाकणे

समुद्रशैवालांचे ओले नमुने ठेवण्यासाठी गेल्या ऑक्टोबरात आमच्या विभागाने काचेच्या ६० बरण्या घेतल्या. प्लॅस्टिकच्या झाकणांपेक्षा पत्र्याची झाकणे नगामागे ९ रुपयांनी स्वस्त होती, आणि ते ५४० रुपये वाचवण्याचे शहाणपण माझेच. काच स्वच्छ आहे, तोंड रुंद आहे, सारगॅसम या शैवालाची फांदी न मोडता आत जाते. बरणीविषयी तक्रार नाही. तक्रार आहे ती झाकणाची.

बाजारातले ३७ टक्क्यांचे फॉर्मॅलिन (नमुने कुजू न देणारे फॉर्मल्डिहाइडचे द्रावण) एक भाग आणि समुद्राचे पाणी नऊ भाग, असे आमचे द्रावण असते. झाकणाच्या आतल्या लेपावर एक ओरखडा पडला, की खारे पाणी तेवढ्यावरच पत्रा खायला लागते. तिसऱ्या महिन्यात आट्यांत गंज धरला, झाकण पक्कडीशिवाय उघडेना, आणि आत टाकलेल्या चिठ्ठ्या तांबूस झाल्या. अक्षरे पेन्सिलची होती म्हणून वाचली. बॉलपेनची शाई एव्हाना पुसट झाली असती. विक्रेत्याला फोन केला, तर तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, या लोणच्याच्या बरण्या आहेत, बिलावर तसंच लिहिलंय." बिल काढून पाहिले. खरोखरच तसे लिहिले होते.

पाचव्या महिन्यात अँफिरोआ या शैवालाचे कडक, चुनखडीचे खंड बोटांत मऊ लागू लागले, तेव्हा तोही दोष मी गंजालाच दिला. सहकाऱ्याने मात्र गंज न लागलेल्या एका बरणीत निळा लिटमस बुडवला आणि तो लाल झाला. फॉर्मॅलिनचे हळूहळू फॉर्मिक आम्ल होते (मुंगीच्या डंखातले तेच), आणि ते चुना विरघळवते. द्रावणात हे आम्ल मारणारा टाकणखार (बोरॅक्स) घालायचा राहिला होता, आणि तो मीच विसरले होते. तेवढा आरोप मागे घेते. पक्कडीचा घेत नाही.

नुसती प्लॅस्टिकची झाकणे आणून बघितली, पण आटे जुळले नाहीत. शेवटी बरण्याच नव्या घेतल्या, पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकच्या झाकणांच्या, आणि नमुने टाकणखार घातलेल्या ताज्या द्रावणात हलवले. खोक्यातून कधीच न काढलेल्या १४ जुन्या बरण्या शिपायांनी मागून नेल्या. त्यांत कैरीचे लोणचे छान मुरते आहे म्हणे.